निषिद्ध प्रेम, की फुकटची चाकरी?

अलीकडे आमच्या रसिकवर्गात एक चमत्कारिक चाल पडली आहे. एखाद्या परदेशी कादंबरीवर ‘जादुई वास्तववाद’ असा शिक्का दिसला, की ती समजून घेण्याचे निम्मे श्रम वाचले असे ही मंडळी मानतात. गोष्टीत कोणी आकाशात उडाले, कोणाच्या अंगातून ज्वाळा निघाल्या, कोणाच्या आसवांचा लोंढा स्वयंपाकघरभर वाहू लागला, म्हणजे ‘वाहवा! काय ही कल्पनाशक्ती!’ असे म्हणून मान डोलवावी; परंतु हा मनुष्य का उडाला, ती बाई का पेटली, हे मात्र विचारू नये, असा या संप्रदायाचा दंडक आहे. वास्तविक ज्या आलेहो कार्पेंतिएर यांनी १९४९ साली आपल्या हैतीवरील कादंबरीच्या प्रस्तावनेत अमेरिका खंडातील ‘अद्भुत वास्तवा’चा पुरस्कार केला, त्यांचे म्हणणेच मुळी असे होते की, हे अद्भुत लेखकाच्या कल्पनेच्या कारखान्यात बनत नसते, ते त्या भूमीच्या इतिहासातूनच वर येते. पण शिक्का वाचला म्हणजे प्रस्तावना कोण वाचतो?

लाउरा एस्किवेल या मेक्सिकन लेखिकेच्या एका कादंबरीचे या चालीने जितके नुकसान केले आहे, तितके तिच्या शत्रूंनाही करता आले नसते. मूळ स्पॅनिश पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी भाषांतर १९९२ साली निघाले, आणि त्याच वर्षी आल्फोन्सो आराऊ यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपटही आला. त्यानंतर २०२२ साली लंडनच्या रंगभूमीवर त्याचे नृत्यनाट्य झाले, २०२४ साली चित्रमालिका झाली. ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ हे नाव आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थिनींच्याही तोंडी आता सहज असते. इतक्या लोकांनी वाचलेले पुस्तक इतक्या थोड्या लोकांनी वाचलेले असावे, हे आम्हांस मोठे नवल वाटते.

या पुस्तकाला दोन प्रकारचे वाचक भेटले आहेत. पहिला प्रकार नाके मुरडणाऱ्यांचा. बारा महिन्यांची बारा प्रकरणे, प्रत्येकाच्या माथ्यावर एक पाककृती आणि तिचे साहित्य. हे पाहून या विद्वानांनी ‘पाकशास्त्राचे पुस्तक’ असा शेरा मारून ते मिटून ठेवले. हे पुस्तक पदव्युत्तर वर्गास लावावे अशी सूचना आम्ही एकदा एका मंडळात केली, तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याने, मग पुढील वर्षी लोणच्यांवर प्रश्नपत्रिका काढू या, असा विनोद केला. मंडळी पोट धरून हसली आणि सूचना बारगळली. या विनोदवीरांस आमचे इतकेच विचारणे आहे की, कमलाबाई ओगले यांची १९७० सालची ‘रुचिरा’ जशी घराघरांत हाताळून हाताळून झिजली, तसे आपल्यापैकी कोणाचे टीकाग्रंथ झिजले आहेत काय? स्वयंपाक हा विचाराचा विषय नव्हे, असे जे आपण समजता, ते मेक्सिको देशात तरी कोणी समजू नये अशी व्यवस्था सोर हुआना इनेस दे ला क्रूस या मठवासिनी कवयित्रीने १६९१ सालीच करून ठेविली आहे. बिशपला लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध पत्रात तिने सांगितले की, पुस्तके हाती घेण्याची बंदी झाली तरी तिचा अभ्यास थांबला नाही. अंडे तुपातेलात बांधून येते आणि साखरेच्या पाकात फाटते, हेही तिने चुलीपुढेच पाहून ठेविले. आणि ॲरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याने आणखी पुष्कळ लिहिले असते, असा टोमणाही मारिला. एस्किवेलबाई याच घराण्यातल्या. त्यांच्या बारा पाककृतींपैकी जूनची कृती खाण्याच्या पदार्थाची नाहीच. ती आगकाड्या करण्याची आहे. पाकशास्त्राचे पुस्तक म्हणून जे हसले, त्यांनी जूनपर्यंतही वाचले नसावे, असा आमचा तर्क आहे.

परंतु नाके मुरडणाऱ्यांशी आमचे भांडण दुय्यम होय. त्यांनी पुस्तक वाचले नाही. तो अपराध सुधारता येतो. आमचे खरे भांडण दुसऱ्या प्रकारच्या वाचकांशी आहे. ते ही कादंबरी मिटक्या मारीत वाचतात आणि ‘निषिद्ध प्रेमाची रसाळ कहाणी’ म्हणून तिची तोंड भरून स्तुती करितात. अन्न आणि प्रणय! गुलाबाच्या पाकळ्या आणि विरहाची आसवे! लग्नाच्या भेटीत देण्यासारखे पुस्तक! ही स्तुती ऐकली की आमच्या अंगाचा तिळपापड होतो. कारण प्रेम निषिद्ध झाले हे या मंडळींस दिसते, पण ते कोणी आणि कशासाठी निषिद्ध केले, हे पुस्तकात पहिल्याच प्रकरणात स्वच्छ लिहिलेले असता त्यांस दिसत नाही.

काय लिहिले आहे ते पाहू. मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर, पिएद्रास नेग्रास या गावाजवळ, दे ला गार्सा घराण्याचा एक रँच आहे. घरात पुरुष नाही. विधवा मामा एलेना आणि तिच्या तीन मुली. धाकटी तिता स्वयंपाकघरातच जन्मली, आईचे दूध आटल्यामुळे स्वयंपाकीण नाचा हिच्या हाती वाढली. पेद्रो नावाचा तरुण तिला मागणी घालावयास येतो. आई सांगते, हिचे लग्न होणे नाही. आमच्या कुळाचा आचार असा की, धाकट्या मुलीने अविवाहित राहून आई मरेपर्यंत तिची सेवा करावी. हवी तर मधली रोसाउरा देते. पेद्रो रोसाउराशी लग्न लावितो, आणि तिताला आपल्या प्रियकराच्या व बहिणीच्या लग्नाचा केक करावा लागतो.

येथे प्रेमाचा शत्रू कोण आहे? जात नव्हे, धर्म नव्हे, दोन घराण्यांचे वैर नव्हे. पेद्रोच्या कुळात किंवा चारित्र्यात मामा एलेनाला काही खोट दिसली असती, तर तिने त्यास दुसरी मुलगी देऊ केलीच नसती. तिचे म्हणणे एवढेच की, ही मुलगी मला हवी आहे. हिचे हात मला हवे आहेत. आंघोळीचे पाणी काढावयास, कपड्यांस इस्त्री करावयास, कोंबडे खच्ची करावयास, सॉसेजे भरावयास एक बिनपगारी माणूस जन्मभर घरात राहावे, म्हणून प्रेमाला बंदी. हा निषिद्ध प्रेमाचा प्रश्न नव्हे. फुकटच्या चाकरीचा प्रश्न आहे. तिताला तो तसाच दिसतो. आईचा हुकूम ऐकल्यावर ती जे प्रश्न मनात उभे करिते, ते प्रेमिकेचे नसून एखाद्या हिशेबनिसाचे आहेत: मला मुले नाहीत, तर माझ्या म्हातारपणी माझे कोण करील? ज्या बाईला मूलच झाले नाही, तिची सोय या आचारात काय सांगितली आहे? हा आचार काढला कोणी? असे प्रश्न करणारी नायिका आमच्या रसिकांस केवळ ‘विरहिणी’ वाटते, यात दोष कोणाचा?

कोणी म्हणेल, धाकट्या मुलीचा हा आचार ही लेखिकेची कल्पना. मग त्यावर एवढे काहूर कशास? कल्पना असेल, परंतु ती वाऱ्यावर उभी नाही. मेक्सिकोच्या राजधानीसाठी झालेल्या १८८४ च्या दिवाणी संहितेत सज्ञान झालेल्या मुलीनेही तीस वर्षांची होईपर्यंत आईबापांच्या परवानगीवाचून त्यांचे घर सोडू नये असे कलम होते, आणि त्याला मुख्य अपवाद लग्न करून जाण्याचा होता. म्हणजे घराबाहेर पडण्याचे दार एकच, आणि त्याची किल्ली आईबापांच्या कमरेला. १९१० साली क्रांतीचा वणवा पेटला, सरकारे उलथली, तरी असली दारे एका रात्रीत उघडत नसतात. एस्किवेलबाईंनी कायद्याने घातलेल्या गाठीला आणखी एक पीळ दिला, इतकेच.

आता जादूकडे वळू. या कादंबरीतले चमत्कार एकेक करून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ज्या बाईला बोलण्याची मनाई आहे, तिला काम करण्याचा हुकूम होतो, त्या क्षणीच चमत्कार घडतो. लग्नाच्या केकच्या पिठात तिताची आसवे पडतात, आणि तो खाऊन सारे वऱ्हाड रडू लागते व शेवटी ओकू लागते. आई काय समजते? हिने केकमध्ये ओकारीचे औषध घातले! आणि मुलीला इतका मार देते की ती पंधरा दिवस अंथरुणाला खिळते. केकमधली आसवे वाचून आमचे रसिक सुस्कारे टाकतात. त्या पुढचा मार मात्र त्यांच्या परीक्षणात कोठे सापडत नाही. पुढे पेद्रोने दिलेल्या गुलाबांचे काटे तिताच्या छातीत रुतून फुले रक्ताने माखतात. आई म्हणते, टाकून दे. तिता त्या पाकळ्यांच्या रश्श्यात लावे शिजविते; आणि जे तिला बोलता येत नाही, करता येत नाही, ते तिची थोरली बहीण खेर्त्रूदिस हिच्या अंगात भिनते. खेर्त्रूदिसच्या अंगच्या उष्णतेने न्हाणीघर पेटते आणि ती विवस्त्र स्थितीत एका क्रांतिकारक स्वाराच्या घोड्यावर बसून निघून जाते. घरातून सुटका होते ती खाणारीची. रांधणारी भांडी घासावयास मागे राहते. जादू म्हणतात ती ही! चुलीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे मन अन्नात उतरते ही गोष्ट आमच्या आजीला ठाऊक होती. तिच्यासाठी तिला पारिभाषिक संज्ञेची गरज पडली नाही.

पुस्तकाच्या नावाचीही अशीच दुर्दशा झाली आहे. मेक्सिकोत चॉकलेट दुधाऐवजी पाण्यात करण्याची जुनी रीत आहे, आणि त्यासाठी पाणी चांगले खळखळा उकळावे लागते. मराठीत सांगावयाचे तर ‘चॉकलेटाचे आधण’. हा तिकडचा वाक्प्रचार असून, संतापाने किंवा वासनेने उकळीस आलेल्या माणसाविषयी तो योजितात. आमच्या मंडळींनी यातली वासना तेवढी वेचून घेतली आणि संताप फुंकून टाकिला. पुस्तकात हा वाक्प्रचार तिताच्या बाबतीत स्पष्टपणे येतो, तो तिच्या चिडचिडीच्या प्रसंगी. डोके फुटावयाची वेळ आली आहे, पारव्यांचे घुमणेही सोसवत नाही, असा तो प्रसंग आहे. आधण ठेवले आहे ते रागाचे.

आणि ज्याच्यासाठी एवढे सुस्कारे, तो पेद्रो कोण? आम्ही स्पष्ट लिहितो की, आधुनिक कादंबरीत इतका नेभळट नायक आमच्या वाचनात थोडाच आला असेल. तो म्हणतो, तिताच्या जवळ राहता यावे म्हणून मी रोसाउराशी लग्न करितो. आणि हे ऐकून जगभर वाचक गहिवरतात. त्याने रोसाउराला विचारले होते काय? एका बाईच्या जवळ राहण्यासाठी दुसऱ्या बाईचा जिन्यासारखा उपयोग करावा, दोघींना एका छपराखाली जन्मभर कुढत ठेवावे, एकीने रांधलेले खावे, दुसरीपासून मुले व्हावीत, याला त्याग म्हणावयाचे असेल तर स्वार्थाला काय म्हणावे? तिताला घेऊन पळून जाण्याची हिंमत त्याला झाली नाही. तिला आईच्या तावडीतून सोडवून सीमेपलीकडे ईगल पासला नेणारा, ती सहा महिने बोलत नसता एकही प्रश्न न लादता तिच्याजवळ बसणारा, तो डॉक्टर जॉन ब्राउन. प्रत्येक माणूस पोटात आगकाड्यांची पेटी घेऊन जन्मतो, पण त्या एकट्याने पेटविता येत नाहीत, ही आपल्या आजीची शिकवण तो तिला सांगतो. तिता त्याला सोडून पेद्रोकडे जाते, ते तिचे स्वातंत्र्य होय. त्याबद्दल तिला जाब विचारण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु वाचकाने पेद्रोला डोक्यावर घेऊन नाचावे, याचे कारण काय?

पण या सर्वांहून मोठा अन्याय दुसऱ्याच एका बाईवर झाला आहे. नाचा ही या घरची मूळनिवासी वंशाची स्वयंपाकीण. तिचेही एकेकाळी एका पुरुषावर प्रेम होते. त्याला मामा एलेनाच्या आईने हाकलून लाविले. लग्नाच्या केकच्या साखरेची चव घेताच म्हातारीला ते सारे आठवते, आणि त्या पुरुषाचे चित्र उराशी धरून ती आपल्या खोलीत मरते. वऱ्हाड वर रडत असते ते वेगळ्या कारणासाठी. ‘निषिद्ध प्रेम’ हा या कादंबरीचा विषय आहे ना? मग हे प्रेम निषिद्ध नव्हते काय? नाचाचे नाव प्रेमिकांच्या यादीत कोणत्या परीक्षणात आम्ही पाहिले नाही. कारण उघड आहे. मालकाच्या मुलीचे लग्न मोडले तर ती शोकांतिका. मोलकरणीचे मोडले तर ते घरकाम. तिताला जो आचार म्हणून सांगितला जातो, तो नाचाला कोणी आचार म्हणूनही सांगितला नाही. तो तिच्या चाकरीतच आला होता. आणि गंमत अशी की, ज्या गुलाबपाकळ्यांच्या लाव्यांवर जगभरच्या रसिकांनी लाळ गाळली, ती कृती तितावर मेहेरबानी करून सांगणारी दुसरी कोणी नसून मेलेली नाचाच होय. ती कृती स्पॅनिश लोक येण्यापूर्वीची, खरी फेझंट पक्ष्यांची. रँचवर फेझंट नाहीत म्हणून लावे.

आता एस्किवेलबाईंची बाजू घेतली म्हणून त्यांचे दोष झाकावे, असे आम्ही मानीत नाही. खेर्त्रूदिस ही मामा एलेनाच्या एका चोरट्या प्रेमाची मुलगी. तो पुरुष आफ्रिकी रक्ताचा, आणि त्यामुळेच मामा एलेनालाही त्याच्याशी लग्न करू दिले नव्हते. हे उघडकीस आल्यावर आईच्या क्रौर्याला एक दुःखाचे मूळ मिळते, ते फार उत्तम. परंतु खेर्त्रूदिसच्या अंगातील ताल आणि आग तिच्या बापाच्या रक्ताच्या खाती जमा करणे, हे लेखिकेने वर्णभेदाच्या जुन्या दुकानातून उसने आणलेले भांडवल आहे. मोलकरीण चेंचा हिच्यावर दरोडेखोर बलात्कार करितात, तो प्रसंग घाईने उरकला आहे. पुढे तिला तिचा जुना प्रियकर नवरा म्हणून मिळतो खरा, पण त्याने ती घाई भरून येत नाही. आणि रोसाउरा! तिचा लठ्ठपणा, तिच्या तोंडाची दुर्गंधी, तिचे पोट फुगणे, यांची थट्टा करताना लेखिका विसरते की, हीदेखील न विचारता बोहल्यावर उभी केलेली मुलगी आहे.

शेवटच्या प्रकरणात पेद्रो तिताच्या बाहुपाशात मरतो, तिता आगकाड्या चघळून त्याच्यामागे जाते, आणि सारा रँच पेटून भस्म होतो. या दारूकामावर पुष्कळांनी टाळ्या पिटल्या. आमच्या मते कादंबरीचा कळस तो नव्हे. रोसाउरा आपल्या एकुलत्या एका मुलीच्या, एस्पेरान्साच्या, गळ्यात तोच कुळाचार अडकवावयास निघते: हिने लग्न करू नये, माझी सेवा करावी. आयुष्यभर चुलीशी उभी राहिलेली तिता येथे मात्र आवाज चढवून उभी राहते, वर्षानुवर्षे भांडते, आणि ती मुलगी डॉक्टर ब्राउनच्या मुलाशी लग्न लावून घराबाहेर पडते. पेद्रोसाठी तिता जे करू शकली नाही, ते भाचीसाठी करिते. डिसेंबरमधली पहिली मेजवानी त्या लग्नाची आहे. अक्रोडाच्या पांढऱ्या रश्श्यातल्या भरल्या मिरच्या, वर डाळिंबाचे दाणे, बाजूला हिरवी पाने, म्हणजे मेक्सिकोच्या निशाणाचेच तीन रंग. आचार मोडल्याचा उत्सव तेथे आहे. आमच्या रसिकांची नजर मात्र ती मेजवानी ओलांडून रात्रीच्या शय्येवर!

या मिरच्यांवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. जी मिरची आज मराठी माणसाला आपल्या बापजाद्यांची वाटते, ती त्याच मेक्सिकोच्या बाजूची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती या किनाऱ्यावर उतरली. मिरची आम्ही उचलली, पचविली, आपली केली. मग तिकडचा प्रश्न तेवढा आम्हांस परका का वाटावा? ‘भावंडांसाठी तिने लग्न केले नाही’, ‘आईवडिलांपायी तिने आयुष्य वेचले’, ही वाक्ये मराठी घरांतून आणि मराठी मृत्युलेखांतून आम्ही जन्मभर वाचीत आलो आहोत. तिने वेचले, की तिच्याकडून वेचून घेतले, हे विचारण्याची रीत नाही. ज्या वाचकाच्या स्वतःच्या घरात अशी एखादी आत्या पहाटे उठून सर्वांचा चहा करीत असते, तो ही कादंबरी हाती घेतो आणि मेक्सिकोच्या विलक्षण प्रथांविषयी आश्चर्य व्यक्त करितो. विलक्षण! चहाचा पेला त्याच्या हाती असतो, आणि तो कोणी आणून दिला इकडे त्याचे लक्ष नसते.

असल्या परीक्षकांस आमची एकच सूचना आहे. पुढच्या वेळी या पुस्तकावर लिहिताना ‘जादू’, ‘रसाळ’, ‘प्रणय’ हे तीन शब्द न वापरता एक पान लिहून पाहावे. मग त्या पानावर काय उरते? पहाटे पेटविलेली चूल उरते, अर्धवट विणलेली एक प्रचंड चादर उरते, पंधरा दिवसांचे अंथरूण उरते. आणि वरच्या दिवाणखान्यात लग्न चालू असता खालच्या खोलीत एकटी मेलेली एक स्वयंपाकीण उरते, जिच्या पाककृती त्यानंतर तिता करीत राहिली, तिताच्या मागून तिच्या भाचीच्या मुलीने लिहून काढल्या, आणि आम्ही सगळे अद्याप चाखीत आहोत.